मागचा ब्रेक आधी का झिजतो?

विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या, खाचखळग्यांतून धावणाऱ्या एकआसनी वाहनांची ‘बाजा’ ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली. भारतात ती २००७ पासून भरते आणि देशातील इतर महाविद्यालयांप्रमाणे नवी मुंबईतील अभियांत्रिकीचे विद्यार्थीही तीत उतरतात. नळ्यांचा सांगाडा, मोठी खरबरीत चाके, एक छोटे इंजिन असे हे वाहन असते. अशा सर्वच वाहनांना ‘एटीव्ही’ म्हणतात. स्पर्धेतील शेवटची शर्यत चार तासांची असते. ती संपल्यावर चाके काढली की अनेकदा दिसते ते असे : पुढचे ब्रेक पॅड शाबूत आहेत आणि मागचे मात्र खालच्या पत्र्यापर्यंत खरवडले गेले आहेत.

पहिला उपाय सगळेच करतात. अधिक कठीण, अधिक महाग पॅड आणून बसवतात. काही दिवसांनी तेही जातात.

हे उलटे घडते आहे हे आधी लक्षात घ्यायला हवे. लोकलने एकदम ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात. वाहनाचेही तसेच होते. त्याचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके हलकी होतात. हलक्या चाकाची जमिनीवरची पकड कमी असते, म्हणून थांबवण्याचे काम मुख्यतः पुढच्या ब्रेकने करायचे असते. साधारण मोटारीत निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचे ब्रेक करतात. तेव्हा मागचे पॅड आधी झिजत असतील तर ते लक्षण आहे, रोग दुसरीकडे आहे. तो कोठे शोधायचा याची बरीचशी उत्तरे ब्रेकच्या इतिहासात सापडतात, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग नवी मुंबईपासून तास-दीड तासाच्या अंतरावर, बोरघाटात घडला आहे.

पण सुरुवात जर्मनीतून करू. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार घेतली आणि दोन मुलांसह मानहाइमहून फोर्टझहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास. त्या गाडीला लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक होते. टेकड्यांच्या उतारांवर ते भराभर झिजले आणि बेर्टाबाईंनी वाटेत मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना मोटारीच्या जगात आली ती अशी. ब्रेकची जलद झीज ही मोटारीची जवळजवळ जन्मापासूनची तक्रार आहे, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरही पुष्कळ वर्षे मोटारींना मागेच ब्रेक असत. पुढच्या चाकांना वळायचेही असते; वळणाऱ्या चाकापर्यंत सळया आणि तारा नेऊन दोन्ही बाजूंना सारखा दाब देणे अवघड होते. चारही चाकांना ब्रेक ही गोष्ट सर्रास झाली ती १९२० च्या दशकात. सारे काम मागचेच ब्रेक करीत होते तोवर तेच झिजणार हे उघड होते. आजच्या एटीव्हीत पुढच्या ब्रेकच्या नळीत हवा शिरली, किंवा पुढच्या-मागच्या ब्रेकमधील दाबाची वाटणी चुकली, तर ते वाहन नकळत १९१० सालची मोटार बनते. पायाला ब्रेक लागल्यासारखा वाटतो, गाडी थांबतेही, पण थांबवतात ती मागचीच चाके. म्हणून मागचा पॅड झिजला की पहिली तपासणी पुढच्या ब्रेकची करावी. हे ऐकायला चमत्कारिक वाटते आणि बहुधा त्यामुळेच ते राहून जाते.

आता घाटाकडे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो पाहायला बर्कले राहिले नाहीत. १८६२ मध्येच त्यांचे निधन झाले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि काम त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी पुढे नेले. हजारो मजुरांनी हा मार्ग खोदला आणि त्यातले असंख्य जण रोगराईने व अपघातांनी तिथेच गेले. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. सुमारे २५ किलोमीटरच्या या मार्गावर गाडी सुमारे ५५८ मीटर उंची चढते. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर.

चढण्याची चर्चा सगळे करतात. अभियंत्यांना अधिक चिंता होती ती उतरण्याची. वर्गात एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एक टन म्हणजे १००० किलोग्रॅम वजन ५५८ मीटर खाली आले तर त्याची स्थितिज ऊर्जा किती कमी होते? १००० × ९.८ × ५५८, म्हणजे सुमारे ५५ लाख ज्यूल. गाडी वरून निघताना जेवढ्या वेगात होती तेवढ्याच वेगात खाली पोचायला हवी असेल, तर ही सगळी ऊर्जा वाटेत कुठेतरी घालवली पाहिजे. थोडी हवेच्या विरोधात आणि चाकांच्या घर्षणात जाते. उरलेल्या ऊर्जेची ब्रेकमध्ये उष्णता होते. ५५ लाख ज्यूल उष्णतेत सुमारे १७ लिटर पाण्याला उकळी फुटेल. गाडी ३०० टनांची असेल तर पाच हजार लिटरांहून अधिक पाण्याला. एवढी उष्णता लोखंडी ठोकळे आणि चाके यांच्या स्पर्शातून, तासाभरात, बाहेर पडायची असते.

ब्रेक गती ‘नाहीशी’ करतो असे आपण बोलतो, आणि मुलेही तसेच लिहितात. तो गतीची उष्णता करतो, एवढेच. पॅड किती झिजला हे जवळजवळ, त्याच्यामार्फत किती ऊर्जा गेली याचे टिपण असते.

उष्णतेने घर्षणाचे काय होते याचा नीट अभ्यास १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. कॅप्टन डग्लस गाल्टन यांनी जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या साहाय्याने ब्रायटनच्या लोहमार्गावर, मोजमापाची साधने बसवलेल्या एका खास डब्यात प्रयोग केले. शाळेच्या पुस्तकात घर्षणाचा गुणांक हा दोन पृष्ठभागांचा ठरलेला आकडा असतो. गाल्टन यांना आढळले की ओतीव लोखंडाचा ठोकळा आणि पोलादी चाक यांच्यातील हा गुणांक गाडी अगदी मंद असताना सुमारे एक तृतीयांश असतो, तर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तो एक दशांशाच्याही खाली येतो. शिवाय ब्रेक जितका वेळ दाबून धरावा तितके घर्षण कमी होत जाते. म्हणजे घाट उतरताना ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो दुबळा. ट्रकचालक याला ‘ब्रेक गरम झाले’ म्हणतात. त्यांचे निदान बरोबर आहे.

यावर घाटात दोन उपाय झाले. एक रुळांचा. मुख्य मार्गातून चढावर जाणारे बंदिस्त फाटे ठेवले; गाडी आवरली नाही तर ती या फाट्यावर चढून थांबावी. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी ही नावे पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्यांना ठाऊक असतील. खाली येणारी गाडी तेथे थांबते ती प्रवासी घ्यायला नव्हे. ब्रेक खरोखर लागतात की नाही हे तेथे सिद्ध करावे लागते. दुसरा उपाय ब्रेकचा. सुरुवातीला डब्याडब्यांवर माणसे बसून हाताने ब्रेक आवळीत. मग एका नळीने सर्व डब्यांचे ब्रेक जोडले गेले. वेस्टिंगहाउस यांचा हवेच्या दाबाचा ब्रेक १८६९ चा. भारतात मात्र दीर्घकाळ निर्वात ब्रेक चालला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेच्या ब्रेकने हळूहळू त्याची जागा घेतली.

या निर्वात ब्रेकच्या एका खोडीत आपल्या एटीव्हीच्या दुखण्याचे उत्तम स्पष्टीकरण दडलेले आहे.

प्रत्येक डब्याखाली एक सिलिंडर. त्यातल्या दट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे इंजिन हवा ओढून निर्वात करते. दोन्हीकडचा दाब सारखा, म्हणून ब्रेक सुटलेला. नळीत हवा सोडली की ती दट्ट्याच्या खालच्या बाजूस जाते, वरच्या बाजूचा निर्वात तसाच राहतो, दट्ट्या वर ढकलला जातो आणि ब्रेक लागतो. आता समजा, एका इंजिनाने ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतका निर्वात केला होता. जंक्शनवर इंजिन बदलले. नवे इंजिन ४८ सेंटिमीटरच निर्वात करू शकते. वरच्या बाजूस ५३, खालच्या बाजूस ४८. चालकाने ब्रेक सोडला आहे, काही मोडलेले नाही, काही गळत नाही. तरीही पाच सेंटिमीटरच्या फरकाने दट्ट्या वरच राहतो आणि ठोकळे चाकांना हलकेच घासत राहतात. रेल्वेच्या भाषेत याला ‘ब्रेक बाइंडिंग’ म्हणतात. गाडी जड चालते, चाके तापतात, जळका वास येतो, ठोकळे अकाली झिजतात. उपाय साधा होता : डब्याडब्याशी जाऊन सिलिंडरची दोरी ओढायची, म्हणजे वरच्या बाजूस हवा शिरते आणि दट्ट्या खाली बसतो. स्थानकात शिरणाऱ्या गाडीकडे तपासनीस उभे राहून पाहतात, त्यात कोणते चाक तापले आहे, कुठून धूर येतो आहे, हेही असते. ठोकळा हातात घेऊन तो कोणत्या कारखान्याचा आहे हे ते पहिल्यांदा पाहात नाहीत.

एटीव्हीत निर्वाताऐवजी तेल असते. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेल पुढे ढकलतो. पेडल सोडल्यावर तो पूर्ण मागे यायला हवा, कारण तेव्हाच एक बारीक छिद्र उघडते आणि नळीतील दाब टाकीकडे सुटतो. पेडलची सळई थोडी लांब जुळवली गेली, पेडलला मोकळी हालचाल उरली नाही, किंवा चालकाचा पाय सवयीने पेडलवरच टेकलेला असला, तर छिद्र झाकलेलेच राहते. पॅड जरासा घासतो. घासल्याने डिस्क तापते, तिच्यामुळे तेल तापते, तापलेले तेल प्रसरण पावते, पण बाहेर जायला वाट नसते. म्हणून पॅड आणखी दाबला जातो. हे चक्र स्वतःलाच वाढवत जाते. इंजिन बदललेल्या त्या गाडीसारखेच येथेही काही मोडलेले नसते. दाब सुटण्याचा मार्ग तेवढा बंद असतो.

एवढ्याशा घासण्याने पॅड संपेल का, अशी शंका विद्यार्थी घेतात आणि ती घ्यावीच. १९५३ मध्ये जे. एफ. आर्चर्ड यांनी झिजेचा एक सोपा नियम मांडला : झीज दाबाच्या आणि घासलेल्या अंतराच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. समजा १०० किलोमीटरच्या प्रवासात ब्रेक फक्त ३ किलोमीटर लागतो. तेव्हाचा दाब १ मानू. झीज झाली ३. आता उरलेले ९७ किलोमीटर पॅड फक्त विसाव्या हिश्श्याच्या दाबाने घासतो आहे असे समजा. ९७ भागिले २०, म्हणजे सुमारे ४.८५. खऱ्या ब्रेकपेक्षा ही झीज जास्त! एकूण ७.८५. तीनशे दिवस चालणारा पॅड सुमारे ११५ दिवसांत संपेल. प्रत्यक्षात आणखी लवकर, कारण तापलेला पॅड थंड पॅडपेक्षा वेगाने झिजतो आणि आर्चर्ड यांच्या साध्या सूत्रात तापमान धरलेले नाही.

मागच्याच पॅडला हे भोगावे लागण्याची आणखी कारणे एटीव्हीच्या रचनेत आहेत. अनेक वाहनांत मागची दोन्ही चाके एकाच आसावर असतात आणि दोघांत मिळून एकच डिस्क असते. दोन चाकांचे काम एका जोडीने करायचे. शिवाय पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल आणि मुरूम थेट तिच्यावर येतो. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ मध्येच घेतले होते, पण तो मागे पडला, आणि त्याचे एक कारण त्या काळच्या रस्त्यांवरची धूळ हे होते. उघडी डिस्क आणि तिच्यावर साचणारी वाळू यांचे वैर असे जुने आहे. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर बाजी मारली तोवर रस्ते सुधारले होते. एटीव्ही मुद्दाम सुधारणा नसलेल्या वाटेने जाते.

नवी मुंबईत त्यात खाडीवरच्या खारट दमट हवेची भर. डिस्कला मिठी मारणारा जो कॅलिपर असतो, तो बहुधा दोन गुळगुळीत खिळ्यांवर सरकणारा असतो. दट्ट्या एकाच बाजूला. तो एक पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर सरकून दुसरा पॅड दाबला जातो. न्यूटनचा तिसरा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण कमीच. खिळे गंजले किंवा चिखलाने अडकले की सरकणे थांबते. मग दट्ट्याकडचा पॅड झिजून जातो आणि पलीकडचा जाडच राहतो. म्हणून जुने पॅड फेकण्याआधी दोन्हींची जाडी व्हर्नियरने मोजावी, तीही दोन्ही टोकांना. आतला बारीक, बाहेरचा जाड असेल तर खिळे पाहावेत. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर कॅलिपर वाकडा बसतो आहे. दोन्ही सारखेच आणि भराभर झिजले असतील, तर दाब सुटत नसावा किंवा पुढचा ब्रेक काम करीत नसावा. चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवले, आणि ब्रेक न लावता चार-पाच मिनिटे चालवून आणल्यावर डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर पुष्कळ कळते. थेंब चुरचुरले तर ब्रेक न लावताच लागतो आहे. हात मात्र लावू नये.

हे सगळे नीट असूनही पॅड झिजत असेल तर? त्याचे उत्तर पुन्हा घाटात आहे.

१९२८ पासून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे नवी विजेची मालगाडीची इंजिने येऊ लागली. रचना स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील कारखान्याची. लांब नाकाचे, सांध्यात दुमडणारे हे इंजिन रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणून ओळखत. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९-३० मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले होते. खेकड्याचे वैशिष्ट्य असे की घाट उतरताना त्याच्या मोटारी जनित्रे बनत. चाके मोटारींना फिरवत, मोटारी वीज निर्माण करीत, आणि ती वरच्या तारेत परत जाई. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असली तर ती ही वीज वापरे. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देई. वाफेच्या इंजिनाला खर्चलेला कोळसा परत मिळवणे कधी शक्य नव्हते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ज्या ऊर्जेने पाच हजार लिटर पाण्याला उकळी आली असती तिचा बराचसा भाग आता ठोकळ्यांतून जातच नव्हता. ठोकळे कठीण केले म्हणून झीज कमी झाली असे नव्हे. त्यांचे काम दुसऱ्यावर सोपवले गेले. हार्बर मार्गावर वाशी-पनवेलकडे धावणाऱ्या आजच्या लोकल थांबताना हेच करतात.

पेट्रोलच्या गाडीत वीज परत देण्याची सोय नसते, पण खालच्या गिअरमध्ये उतरले की इंजिनच गाडीला मागे ओढते. खंडाळ्याचा घाट उतरताना जाणते चालक हेच करतात. अनेक एटीव्हींत मात्र ठरावीक गिअर नसतात. दोन कप्प्यांवर फिरणारा पट्टा वेगानुसार आपोआप वर-खाली सरकतो. इंजिनाचे फेरे कमी झाले की साध्या रचनेत पट्टा सैल पडतो आणि इंजिन व चाके यांचा संबंध सुटतो. उतारावर, नेमक्या हव्या त्या वेळी, इंजिनाची मदत शून्य. सगळा भार ब्रेकवर, आणि मागे एकच डिस्क. असे वाहन रोज टेकडीवरून उतरत असेल तर त्याचे पॅड भराभर संपणे हा बिघाड नाही. तो त्या वाहनाचा आणि त्या वाटेचा सरळ हिशोब आहे.

उरले पॅडचे द्रव्य. हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थांनी १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी चांगल्या अस्तराचा शोध सुरू केला. आपल्या नावाची अक्षरे फिरवून आणि एक वाढवून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव बनवले. पुढे कापसाच्या विणीची जागा ॲस्बेस्टॉसने घेतली; ते जळत नाही, स्वस्त मिळते, पकड टिकवते. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो या कारखान्यात ब्रेकची अस्तरे बनत. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी ॲस्बेस्टोसिस आणि कर्करोग होऊ शकतो, हे पुढे निर्विवाद ठरले. ब्रिटनने त्याच्या वापरावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली. आज चांगले उत्पादक काचेचे किंवा अरामिडचे तंतू, धातूची भुकटी, चिनी माती असे पदार्थ वापरतात. अधिक कठीण पॅड घेतला की तो कमी झिजतो हे खरे, पण मग झीज डिस्ककडे सरकते, आणि डिस्क पॅडहून महाग असते.

जुन्या साठ्यातल्या किंवा बिननावाच्या पॅडमध्ये काय आहे हे वेष्टनावरून कळेलच असे नाही. म्हणून कार्यशाळेत चाक उघडल्यावर आत साचलेली काळी भुकटी तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या फवाऱ्यानेही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि मगच व्हर्नियर हाती घ्यावे.